काकू, तुम्ही खुर्चीवर बसा!

तुमच्या घरात कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर आज रात्री जेवताना एक प्रश्न विचारून पाहा. ‘उद्या तुझ्या वर्गात माझ्या वयाची एखादी बाई शिकायला येऊन बसली, तर तुला कसं वाटेल?’ ‘माझ्या वयाची’ असंच म्हणा बरं का. ‘वयस्कर’ म्हटलंत की मुलांच्या डोळ्यांपुढे एकदम काठी टेकणारी आजी उभी राहते आणि उत्तर बदलतं.

पहिलं उत्तर हमखास चांगलं येईल. ‘छान वाटेल की! शिक्षणाला वय नसतं.’ हे वाक्य निबंधात लिहून लिहून मुलांना तोंडपाठ झालेलं आहे. तेवढ्यावर थांबू नका. पुढे विचारा, ‘ती तुझ्या शेजारी बाकावर बसली तर? प्रोजेक्टला तुझ्या गटात आली तर? तास संपल्यावर तुमच्या टोळक्याबरोबर चहाला आली तर?’ इथे मुलं थोडी अडखळतात. मग शेवटचा प्रश्न टाका, ‘आणि ती बाई मीच असले तर?’

केडगावातल्या माझ्या काही मैत्रिणींना मी हा उद्योग करायला लावला. काय काय उत्तरं आली म्हणता! एकीचा मुलगा नुसताच ‘आई, प्लीज!’ म्हणून ताटावरून उठला. एकीच्या लेकीने परवानगी दिली, पण अट घातली, ‘साडी नेसून यायचं नाही.’ एकाने विचारलं, ‘मग डबा कोण करणार?’ (हा मुलगा निदान प्रामाणिक म्हणायचा.) आणि एकाने फार गोड शब्दांत सुचवलं, ‘शीक ना गं, पण माझ्या कॉलेजात नको. दुसरीकडे घे ना अ‍ॅडमिशन.’

या उत्तरांत कुठे उद्धटपणा नाही, हे लक्षात घ्या. ही मुलं दिवाळीत मोठ्यांच्या पाया पडतात, एस. टी. त म्हाताऱ्या माणसाला जागा देतात. म्हणूनच हा विषय ‘हल्लीची पिढी बिघडली’ असं म्हणून मोकळं होण्याइतका सोपा नाही.

बाकावर की खुर्चीवर?

मी बी. ए. झालेली आहे. घर सांभाळून संध्याकाळचे दोन तास इथल्या एका खासगी शिकवणी वर्गात इंग्रजी शिकवते. अकरावी-बारावीची आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलं येतात. कुणी बोरीपारधीचं, कुणी खुटबावचं, कुणी वरवंडचं. गेल्या वर्षी दिवाळीनंतर या वर्गात एक शेचाळीस वर्षांची विद्यार्थिनी आली. तिचं नाव इथे सांगत नाही, नुसतं ताई म्हणते. बारावीची परीक्षा झाली आणि निकाल लागायच्या आत हिच्या डोक्यावर अक्षता पडल्या. घरी थोडा ऊस, दोन गाई, आणि वाडीतल्या बचत गटाचा हिशेब हिच्याकडे. मुक्त विद्यापीठात बी. ए. च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं होतं आणि इंग्रजीची धास्ती वाटत होती.

ती दारात आली तशी सगळी मुलं उभी राहिली. एकजण ऑफिसातून प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला, रुमालाने पुसली आणि भिंतीकडेला मांडली. ‘काकू, तुम्ही खुर्चीवर बसा. बाकावर तुम्हाला त्रास होईल.’ मला त्या मुलाचं कौतुकच वाटलं. ताई बसली.

पंधरा दिवस ती त्या खुर्चीवर बसत होती. मुलं येता-जाता ‘काकू, पाणी हवंय का?’ विचारायची. पण जोडीजोडीने संवाद म्हणायची वेळ आली की भराभर जोड्या लागायच्या आणि ताई एकटी उरायची. कुणी मुद्दाम टाळलं म्हणावं, तर तसंही नाही. खुर्चीवरच्या माणसाबरोबर जोडी लावायची असते, हे कुणाच्या डोक्यातच यायचं नाही. मग मीच तिची जोडीदारीण व्हायची. सोळाव्या दिवशी तास सुटल्यावर ती माझ्याजवळ आली. म्हणाली, ‘मॅडम, मला बाकावर बसवा. खुर्चीवरून फळा तिरपा दिसतो. आणि वही मांडीवर घेऊन लिहिता येत नाही.’

किती साधी अडचण! पण तिच्या त्या दोन वाक्यांनी मला जे कळलं ते एरवी चार पुस्तकं वाचून कळलं नसतं. आपल्याकडे मोठ्या माणसाला मान द्यायचा म्हणजे उंच बसवायचं आणि बाजूला बसवायचं. लग्नाच्या मांडवात ते ठीक आहे. वर्गात मात्र ज्याला बाजूला बसवलं त्याला फळा तिरपाच दिसणार.

दुसऱ्या बाकावरच्या दोन मुलींनी सॅक मांडीवर घेऊन तिला जागा करून दिली. आता सगळं सुरळीत होईल अशी माझी समजूत होती. उलट त्या बाकावरची कुजबुजच बंद झाली. दोघी पोरी पाठीला काठी बांधल्यासारख्या ताठ! शेवटी त्यातल्या एकीला मी विचारलं. तिने खरं ते सांगितलं, ‘मॅडम, काकू शेजारी असल्या की घरात बसल्यासारखं वाटतं. काहीही बोललं तरी त्या आईला सांगतील.’

मैत्रिणींनो, ही गोष्ट मोठ्या शहरातल्या बायकांना कदाचित पटायची नाही. पण आपल्यासारख्या गावात सगळ्यांची एकमेकांच्या घरी ये-जा असते. इथे तरुण मुलामुलींना मोठ्या माणसाच्या अज्ञानाचा त्रास होत नाही, त्याच्या पहाऱ्याचा होतो. मोठं माणूस म्हणजे फिरता डोळा! तोच डोळा बाकावर शेजारी येऊन बसला तर पोरींनी काय करावं? हे मनातलं काढल्याशिवाय नुसत्या आदराच्या गोष्टी सांगून उपयोग नाही.

ही अढी कशी गेली तेही सांगते. एका दुपारी ताईने त्याच मुलीला चौफुल्यावर एका मुलाबरोबर वडापाव खाताना पाहिलं. मुलीनेही हिला पाहिलं. दोन दिवस ती पोर जीव मुठीत धरून वर्गात येत होती. ताई काहीच बोलली नाही. तिच्याजवळ नाही, तिच्या आईजवळ नाही, माझ्याजवळही नाही. हे मला पुढे त्या मुलीनेच सांगितलं. त्या दिवसापासून बाकावर पुन्हा कुजबुज सुरू झाली, आणि तीत तिघींचा आवाज असायचा.

मग बँकेचा धडा आला. पैसे काढायची स्लिप, व्याज, हप्ता, जामीनदार. मुलांना शब्द पाठ, पण त्यातल्या निम्म्यांनी बँकेचं काउंटर आतून-बाहेरून कधी पाहिलेलं नाही. त्यांचा सगळा व्यवहार मोबाइलवर. ताईने बचत गटाचं कर्ज कसं फिरतं ते मराठीतून समजावून दिलं आणि मुलांनी तिला त्याच शब्दांची स्पेलिंगं घोकून घेतली. तेव्हा पहिल्यांदा एका मुलाने आपण होऊन तिच्याबरोबर जोडी लावली. एक वात्रट पोरगा तिला ‘आज्जी’ म्हणायचा. (शेचाळिशीच्या बाईला!) ती एकदा म्हणाली, ‘म्हण बाबा आज्जी, पण मग रोज पाया पडायचं.’ वर्ग हसला, आणि त्या हसण्यात ती होती. मी एवढंच ठरवून टाकलं की वर्गात ‘काकू’ नाही, ‘मावशी’ नाही, सगळ्यांनी ताई म्हणायचं. नात्यातला एक शब्द बदलला की अंतर केवढं कमी होतं, हे आपण बायका जाणतोच. सासूला ‘अहो आई’ म्हणणारी सून आणि ‘आई’ म्हणणारी सून यांतला फरक तुम्हाला मी काय सांगणार!

घरातली परीक्षा

वर्गात जमलं, तरी खरी परीक्षा घरी व्हायची होती. ताईचा धाकटा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. आमच्या वर्गातल्या कुणीतरी बाकावर बसलेल्या ताईचा फोटो काढला, तो फिरत फिरत त्याच्या मित्रांकडे गेला. ‘तुझी मम्मी आमची क्लासमेट.’ बस्स. मुलाने तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी म्हणाला, ‘तुला एवढीच हौस असेल तर घरी शीक. मी मोबाइलवर व्हिडिओ लावून देतो.’ नवरा म्हणाला, ‘पोराचं काही चुकत नाही, लोक हसतात.’

ताई आठ दिवस आली नाही. आता ही सुटली, असं मी धरून चालले होते. एखाद्या बाईचं शिक्षण फी नसल्याने किंवा घरचे आजारपण आल्याने सुटतं, तेव्हा निदान सांगायला कारण तरी असतं. मुलगा लाजतो म्हणून सुटलं, हे ती कुणाला सांगणार?

तिला परत पाठवलं तिच्या सासूने. सासू सत्तरीच्या पुढची, सही पुरतं लिहिता येतं. ती म्हणाली, ‘संध्याकाळचं दूध डेअरीला मी घालीन. तू जा.’ यापलीकडे त्या म्हातारीने काही भाषण केलं नाही. मुलगा आता आईला गाडीवरून सोडतो. वर्गाच्या दारात मात्र नाही; अलीकडच्या मेडिकलच्या दुकानापाशी सोडतो आणि वळून जातो. पहिल्या वर्षाची परीक्षा झाली. जिची भीती होती त्या इंग्रजीत ताई पास झाली, दुसराच एक विषय राहिला.

त्या मुलाचा मला राग येत नाही. तो हे शिकला कुठे? कॉलेजात कुणी ‘आईची लाज बाळगा’ असं शिकवत नाही. तुमच्या-माझ्या घरांत संध्याकाळी काय चालतं ते आठवा. आई मोबाइलवर काहीतरी शोधते आहे, एकदा चुकते, दुसऱ्यांदा चुकते. लेक हातातून मोबाइल घेतो, ‘दे इकडे, तुला नाही जमायचं.’ पटापट बोटं फिरवतो आणि काम करून परत देतो. प्रेमाने करतो, मदत म्हणून करतो. पण ती खुर्ची पुसून देणं आणि हे मोबाइल काढून घेणं, एकाच जातीचं! आणि यात वडीलधारे काय बोलतात? ‘आईला काय कळतंय त्यातलं.’ आजीबद्दल आई काय बोलते? ‘त्यांचं वय झालं, त्यांना नका सांगू काही.’ आपल्या म्हणींतसुद्धा ‘साठी बुद्धी नाठी’ आहेच. मूल हे सगळं ऐकत वाढतं. वर्गात पन्नाशीची बाई दिसली की त्याला तेच आठवतं.

याला शास्त्रातही नाव आहे. १९६९ साली अमेरिकेतले डॉक्टर रॉबर्ट बटलर यांनी वयावरून माणसाला कमी लेखण्याच्या या वृत्तीसाठी एक नवा शब्द वापरला. जातिभेद, वर्णभेद, तसा हा वयभेद. यात एक विलक्षण गोष्ट आहे. जातीचा भेद करणारा माणूस दुसऱ्या जातीत कधी जाणार नसतो. वयाचा भेद करणारा मात्र, जगला वाचला तर, त्याच वयाला पोचतो, आणि तरुणपणी दुसऱ्याविषयी बाळगलेली मतं स्वतःलाच लावू लागतो. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ओहायो राज्यातल्या एका गावच्या, पन्नाशी गाठलेल्या ६६० माणसांची ‘वय वाढणं’ याबद्दलची मतं आधी नोंदवलेली होती. पुढे तपासलं तेव्हा, आपल्या वाढत्या वयाकडे चांगल्या दृष्टीने पाहणारी माणसं इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगल्याचं दिसलं. नुसत्या विचारानेच आयुष्य वाढतं असा याचा सरळ अर्थ काढू नये. पण ‘आता आमचं काय राहिलंय’ हे वाक्य आपण वाटतं तितकं फुकट बोलत नसतो, एवढं खरं.

याच गावचा इतिहास

हे सगळं केडगावात घडावं याचं मला जास्त वाटतं. बाहेरच्या लोकांना केडगाव म्हटलं की बेटातलं दत्ताचं देऊळ आठवतं, नाहीतर पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. रमाबाईंच्या धर्माबद्दल त्या काळी मोठा गदारोळ झाला. तो वेगळा विषय. मला आज त्यांच्या वर्गाबद्दल बोलायचं आहे.

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं आणि नंतर इथे, केडगावच्या माळावर. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून, आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून उपाशी मुली-बाया इथे आणल्या. १९०० च्या सुमारास इथे दीड हजारांवर माणसं राहत होती. त्यांत लहान पोरी होत्या, विधवा होत्या, म्हाताऱ्याही होत्या. अक्षर न पाहिलेल्या बायांना शिकवायचं, तर ‘तुझं वय काय?’ हा प्रश्न विचारून कसं चालणार? आधी प्रश्न येणार तो ‘तुला किती येतं?’ असाच.

शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. आली तेव्हा चोविशीच्या आसपासची. आज आपल्याला चोवीस म्हणजे काहीच वाटत नाही. पण त्या काळी आठ-नऊ वर्षांच्या मुली लग्न करून सासरी जात. चोविशीच्या विधवेने पुस्तक हातात धरायचं म्हणजे आजच्या साठीच्या बाईने कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात अडकवण्यासारखं होतं. ही गोदूबाई म्हणजेच पुढे महर्षी धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, आपल्या बाया कर्वे. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. विशीत वैधव्य आलं, पदरी एक मूल, आणि मग शिक्षणाला सुरुवात. त्या हिंगण्याच्या संस्थेसाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. इंग्रजी येत नाही ही बोच होती, म्हणून १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळीसच्या सुमारास, त्या अमेरिकेला गेल्या आणि लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. आमची ताई शेचाळिशीत चौफुल्याहून केडगावला येते, तर घरात एवढा गोंधळ!

आणि खुद्द रमाबाई? संस्कृत त्यांना आईकडून मिळालं होतं, आणि त्या आईला, लक्ष्मीबाईंना, लग्नानंतर नवऱ्याने शिकवलं होतं. म्हणजे घरातच उशिरा शिकलेल्या बाईचा वारसा होता. पंचेचाळिशी उलटल्यावर त्यांनी केडगावात बसून बायबलचं मूळ भाषांतून सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतलं. त्यासाठी ग्रीक आणि हिब्रू या दोन भाषा शिकल्या. छापखाना इथलाच, आणि खिळे जुळवणाऱ्या बाया इथल्याच. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तोवर ते काम चाललं होतं. जिथून पुण्याची लोकल पकडायला आपली मुलं रोज धावतात, तिथून हाकेच्या अंतरावर हे झालेलं आहे. किती मुलांना माहीत आहे? मी वर्गात विचारलं, तेव्हा मिशनची फाटक सगळ्यांनी पाहिलेली होती. ग्रीक-हिब्रूचं एकालाही ठाऊक नव्हतं.

रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनात १९०९ पासून प्रौढ स्त्रियांसाठी वर्ग चालत. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं तेव्हा स्वतः अठ्ठावन्न वर्षांचे होते. मातृभाषेतून शिकवायचं, हा त्यांचा आग्रह. कारण बाई संसारातून वेळ काढून येते हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे महाराष्ट्रात बायकांच्या शिक्षणाच्या त्या सुरुवातीच्या काळात ‘वय उलटून गेलेल्या’ बायकाही वर्गात होत्या. सहाव्या वर्षी पहिली आणि एकविसाव्या वर्षी पदवी, हा जिना नंतर पक्का झाला. आज जी त्या पायऱ्यांवर नाही, ती चुकून आत शिरली असं मुलांना वाटतं.

आजीबाईचा फोटो छापतात

वर्तमानपत्रांतून तुम्ही ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावच्या आजीबाईंच्या शाळेबद्दल वाचलं असेल. ८ मार्च २०१६ ला योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ती सुरू केली. साठी ते नव्वदीच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून दुपारी शाळेत येतात. शिकवायला गावातलीच एक सून, आणि विद्यार्थिनींत तिची सासूही. केरळात २०१८ साली कार्त्यायनी अम्मांनी शहाण्णवाव्या वर्षी साक्षरतेच्या परीक्षेत शंभरपैकी ९८ गुण मिळवले. ऐकून मन भरून येतं. पण एक गोष्ट मला खटकते. सत्तरीची आजी पाटी घेऊन बसली की फोटो छापून येतो. शेचाळिशीची बाई गाइड घेऊन बसली की हसू येतं. आजीकडे सगळे कौतुकाने पाहतात, कारण ती कुणाशी स्पर्धा करत नाही, तिला नोकरी नको, गुणपत्रिका नको. मधल्या वयाच्या बाईला मात्र हे सगळं हवं असतं. तिचं शिक्षण गोड नाही, कामाचं आहे.

सरकारच्या उल्लास योजनेत पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांना शिकवायला स्वयंसेवक घेतात, त्यांत विद्यार्थीही असतात. मुलांनी जरूर जावं. पण तिथे तरुण कायम शिकवणारा आणि मोठं माणूस कायम शिकणारं. दोघांना एकच धडा अडलाय, असं त्यांत घडत नाही. परदेशात फ्रान्समधल्या तुलूझ इथे १९७३ साली निवृत्तांसाठी खास विद्यापीठ निघालं, पुढे त्याचं लोण देशोदेशी गेलं. तेही छान; पण मला पटतं ते आयर्लंडचं. तिथल्या डब्लिन सिटी विद्यापीठाने २०१२ मध्ये ‘सर्व वयांचं स्वागत करणारं विद्यापीठ’ अशी कल्पना मांडली आणि त्यासाठी दहा तत्त्वं ठरवली. त्यांत तरुण आणि वृद्ध यांनी एकमेकांकडून शिकावं हेही आहे. वेगळी खुर्ची नाही, एकच बाक!

मुलं एक शंका हमखास काढतात, ‘या वयात पाठ होतं का?’ त्यांना सरळ सांगावं की पाठांतराचा वेग कमी होतो, हे खरं. नवी माहिती भराभर डोक्यात साठवणं तरुणपणी सोपं जातं. पण शब्दसंपत्ती आणि अनुभवाचं ज्ञान साठीपर्यंत टिकतं, किंबहुना वाढतं. म्हणून मोठ्या विद्यार्थिनीने घोकंपट्टीत मुलांशी शर्यत लावू नये. आधी समजून घ्यावं, मग आपल्या शब्दांत लिहावं. खरी अडचण बहुधा बुद्धीची नसतेच, डोळ्यांची असते. चाळिशी लागली असूनही मुलांसमोर चष्मा लावायला लाजणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पुस्तकातलं बारीक अक्षर दिसत नाही, आणि म्हणायचं, ‘माझ्या डोक्यात शिरत नाही.’ आधी नंबर तपासून घ्या.

तुम्ही नाव घालणार असाल तर

मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशिकहून चालतं आणि तिथे वरची वयोमर्यादा नाही. दहावी-बारावी राहिली असेल तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून घरी अभ्यास करून बसता येतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेत नाव घातलं तर परीक्षेला पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. एकेक-दोनदोन विषय सोडवत जाता येतं. घरात लग्नकार्य, आजारपण असणाऱ्या बाईला ही सवड फार मोलाची.

अभ्यासाची वेळ घरातल्यांना सांगून ठरवा. ‘जमेल तेव्हा’ म्हटलं की ते कधीच जमत नाही. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक जणींना पहाटेपेक्षा दुपारचं जेवण आटोपल्यावरचा पाऊण तास मानवतो. लिहायचा सराव आजपासूनच करा. वीस वर्षं किराण्याच्या यादीपलीकडे न लिहिलेल्या हाताला तीन तासांचा पेपर जड जातो. रोज एक पान घड्याळ लावून लिहावं. आणि मुलांकडून शिकायचं असेल तर मोबाइल त्यांच्या हातात देऊ नका, आपल्या हातात ठेवा. त्यांनी सांगायचं, बोट आपण फिरवायचं. पहिले चार दिवस ती चिडतील. पाचव्या दिवशी शिकवायला लागतील, आणि आई शिकते आहे हे दृश्य त्यांच्या डोळ्यांना सवयीचं होईल. वर्गात आधीच कुणी खुर्ची मांडून ठेवली असेल, तर हसून आभार माना आणि बाकावर जाऊन बसा.

कागदपत्रांची एक गोम आहे, ती बहुतेक जणींच्या ऐन वेळी लक्षात येते. शाळेचा दाखला आणि गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार कार्ड सासरच्या नावाचं. ही दोन माणसं एकच आहेत हे दाखवायला विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद मागतात. यांपैकी काय चालेल ते अभ्यासकेंद्रात आधीच विचारा. दाखला हरवला असेल तर जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे दुसऱ्या प्रतीचा अर्ज करायचा. दहावी-बारावीची गुणपत्रिका हरवली असेल तर मंडळाच्या विभागीय कार्यालयात. माहेरची शाळा लांब असेल तर भावाला आत्ताच कळवा, कारण प्रवेशाची धांदल जून-जुलैत सुरू होते आणि दाखला मात्र कुणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेत, लग्नाच्या पत्रिकांखाली सापडतो.